दिवेलागणीचे भुंगेरे

१

सकाळी उठलं की चहाच्याही आधी बाटल्या बघायच्या, हा माझा नेम होता. थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या, पोटाला खिडकी कापलेली, तळाशी बोटभर स्पिरिट. डाळिंबाच्या ओळींत छातीएवढ्या उंचीवर मी त्या टांगून ठेवल्या होत्या. स्पिरिटच्या वासानं साल पोखरणारे भुंगेरे येतात, आत पडतात आणि मरतात. मोहरीपेक्षा जरासे लांबट, काळेभोर, नखाखाली चिरडावेत एवढेच. पण एकदा खोडात शिरले की उभं झाड वाळवून टाकतात.

गावात ह्यावरून माझी भरपूर टवाळी झाली. मानवतच्या रस्त्यानं जाणारा-येणारा बाटल्या बघून हसायचा. "पंकजच्या बायकोनं बागेत दारूचं दुकान टाकलंय," असं पारावर बोलणारे तेच लोक. त्यांच्या बागा वाळायला लागल्या की कुंपणाशी येऊन विचारायचे, "वैनी, ते स्पिरिट कुठं भेटतंय?" मी सांगायचे. सांगायला माझं काय जातंय! बाटली मात्र एकानंही बांधली नाही.

माझा शेतकीचा डिप्लोमा झालेला आहे. लग्नपत्रिकेत सासऱ्यांनी तो 'शिवरंजनी'च्या पुढं मोठ्या हौसेनं छापून घेतला होता. पुढं त्याचं करायचं काय, ते सासरी कुणाला सुचलं नाही. मग मीच आपली भुंगेऱ्यांच्या मागं लागले.

धडधाकट झाडाला भुंगेरा सहसा शिवत नाही. झाड आतून खंगायला लागलं की त्याला आंबूस वास सुटतो. तो आपल्या नाकाला लागत नाही, भुंगेऱ्याला लांबून लागतो. वरून पानं हिरवीगार, मालक बिनघोर, आणि भुंगेऱ्याला खबर लागलेली. त्यांची उडायची वेळही ठरलेली असते. दिवसभर एक दिसणार नाही. ऊन उतरलं, वारा पडला की दिवेलागणीला निघणार, आणि अंधार झाला की खेळ खलास. वर्षाचंही तसंच. शिवरात्रीनंतर ऊब वाढली की सुरू, वैशाखाच्या तावात बंद, पाऊस पडला की पुन्हा बक्कळ. दिवाळीनंतर थंडी पडली की कमी कमी होत पुसात बाटलीत चिलटाशिवाय काही सापडत नाही. एवढ्या वर्षांत मी ह्यात फरक पडलेला बघितला नव्हता.

२

बांधाच्या टोकाला सासऱ्यांची, बसवंतरावांची, समाधी आहे. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, विभूती, मीठ, बेलपानं घालतात आणि माती देतात. समाधीला लागूनच त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेला केसर आंबा होता. गेल्या पावसाळ्यात त्या आंब्याच्या खोडाला सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसली. भोकांतून भुश्शाचे बारीक दोरे लोंबत होते.

मी घरी येऊन सांगितलं, "आंबा गेलाय. आजच्या आज तोडून जाळावा लागंल, न्हाईतर सगळी बाग जाईल."

सासूबाई, नागुबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आमच्यात जाळत न्हाईत."

"माणसाला जाळत न्हाईत, आत्याबाई. हे झाड हाय."

"त्याच्या मुळ्या कुठवर गेल्यात, बघितल्यास का तू? माझ्या मालकाच्या अंगावरचं झाड हाय ते. तुझ्या बापाच्या घरचं न्हाई, जाळायला."

आता ह्यांच्याबद्दल सांगते. ह्यांच्याबद्दल म्हणजे माझ्या नवऱ्याबद्दल, पंकजबद्दल. घरात ह्यांचा आवाज आधी यायचा, माणूस मागून. भाजीत मीठ कमी पडलं तरी ओरडणार, जास्त पडलं तरी ओरडणार. लाईट गेली की वायरमनच्या सात पिढ्या निघणार. आणि ओरडून झालं की आपल्या ताटातली शेंगाची चटणी उचलून माझ्या ताटात टाकणार, वर म्हणणार, "खा, हाडकुळे!" असा माणूस. बेजार करायचा, पण घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

तर तेव्हाही ते ओरडलेच. "ए, दोघी गप ऱ्हावा! डोकं उठवायल्यात नुसतं!" माझ्याशी भांडण झालं तर हे जिंकायचे आणि आईशी झालं तर हरायचे. ह्या खेपेलाही हरले.

आंबा जाळायचा नाही, मातीत घालायचा, असं ठरलं. झाड तोडलं, फांद्या छाटल्या आणि समाधीशेजारी खड्डा काढला. मी सांगत होते की मातीत घातल्यानं भुंगेरा मरत नाही, वाट काढून वर येतो. ऐकतंय कोण! आणि आत्याबाईंनी काय करावं? माणसाला बसवतात तसा तो बुंधा उभा बसवायला लावला. कपाळ असावं तिथं विभूती लावली. मीठ टाकलं, बेलपानं टाकली. पुढं हे गावातल्या स्वामींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "माणसाला करायचं ते झाडाला करा, असं तुमाला कुणी सांगितलं?" म्हणाले. पण आधी विचारलं होतं कुणी त्यांना?

बुंधा नीट बसेना. हे खड्ड्यात उतरले आणि त्याला मिठी मारून इकडून तिकडं हलवायला लागले. "धर की गं वरून, का तमाशा बघायलीस?" असं चाललं होतं. मला तर हसू येत होतं. मग बुंधा एकदम जाग्यावर बसला, आणि हे तसेच राहिले. दोन्ही हात त्याच्याभोवती, कपाळ सालीला टेकलेलं. मी हाक मारली. आत्याबाईंनी हाक मारली. बऱ्याच वेळानं हे वर आले, हात झटकले आणि म्हणाले, "झालं. चला."

शिवी नाही, कुरकुर नाही. एखादं काम ह्यांनी शिवी दिल्याशिवाय संपवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, थकले असतील.

३

पूस लागला. थंडी अशी की सकाळी बाटली हातात धरवत नव्हती. सगळ्या रिकाम्या होत्या, जशा असायला पाहिजेत तशा. मी स्पिरिट भरायचंही सोडून दिलं होतं.

त्या संध्याकाळी हे ओसरीवर चहा घेत बसले होते. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. ह्यांच्या मानेवर काळा ठिपका दिसला. तिथं तीळ नाही, हे मला नको का माहीत? जवळ जाऊन बघितलं तर भुंगेरा. पुसात! चिमटीत धरून उजेडाला नेला. तोच होता, साल पोखरणारा. एखादा चुकार असेल म्हणून चिरडला.

दुसरा आला. मग बागेकडच्या भिंतीवरून एकामागं एक यायलाच लागले. ओसरीवर दिवा लावलेला होता, पण दिव्याकडं एकही गेला नाही. सरळ ह्यांच्याकडं यायचे. खांद्यावर, मानेवर, कानामागं उतरायचे आणि कॉलरच्या आत शिरायचे. आवाज असा म्हणाल तर कागद चुरगळल्यासारखा बारीक.

"अहो, झटका की ते!"

"असू दे," हे म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला.

अंधार पडला तसे यायचे थांबले. मी ह्यांना शर्ट काढायला लावला, अंगणात नेऊन खसाखसा झटकला. एकही पडला नाही. बनियन झटकलं. त्यातूनही काही पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डोकं थंड ठेवून विचार केला. हे दिवसभर छाटणी करतात, कपड्यांना झाडाचा चीक लागत असेल. नाहीतर डिझेलचा वास असेल. मी सगळे शर्ट धुतले, साबण बदलला, संध्याकाळच्या आधी ह्यांना गरम पाण्यानं अंघोळ करायला लावली. हे मुकाट्यानं करून आले. दिवेलागण झाली आणि भुंगेरे हजर. मग मी बाटलीत ताजं स्पिरिट भरून मुद्दाम ह्यांच्या मांडीशी ठेवलं. बाटलीला वळसा घालून सगळे ह्यांच्या अंगावर गेले. एवढं उग्र स्पिरिट सोडून भुंगेरा जातो तरी कशाला, ते मला ठाऊक होतं. जास्त खंगलेलं काहीतरी त्याला सापडलेलं असतं. मी शेंगांची पाटी उचलली आणि आत गेले, कारण मला तो विचार पुढं न्यायचा नव्हता.

४

ह्यांचा आवाज घरातून गेला. एकदम नाही, हळूहळू. आधी टीव्हीच्या बातम्यांना शिव्या देणं गेलं. मग वायरमन सुटला. मग मी. भाजी करपली तरी "असू दे". पाणी आलं नाही, "असू दे". भक्ती, आमची लेक, दहावीला आहे. तिनं चाचणीत गणितात मार खाल्ला आणि रडत पेपर पुढं केला, तर हे हसून म्हणाले, "असू दे, शिवरंजनीला दाखव." लग्नापासून ह्यांनी माझं अख्खं नाव कधी घेतलं नव्हतं.

भक्ती रात्रीच्या जेवणाला माझ्या कानाशी लागली. "आई, बाबा मला रागवत का न्हाईत गं?" मी म्हटलं, रागवत नाहीत तर बरंच आहे की. ती म्हणाली, "बरं न्हाई वाटत." त्या दिवसापासून दिवे लागले की ती खोलीचं दार लावून अभ्यासाला बसायला लागली.

बाकी सगळ्यांना मात्र केवढा आनंद! आत्याबाईंनी तर शेजारीपाजारी सांगितलं, "माझ्या लेकाला देवानं बुद्धी दिली. बापाची पुण्याई लागली." त्यांच्या मते आंब्याला मातीत घातल्याचं ते फळ होतं. बन्सीधर नावाचा ह्यांचा जुना दोस्त आहे, मानवतला त्याचं खता-औषधांचं दुकान आहे. तो घरी आला, तासभर बसला, आणि जाताना मला म्हणाला, "वैनी, काय कमाल केली तुमी! ह्या माणसाशी आता चार शब्द बोलता येतेत. काय औषध दिलं?"

मी म्हटलं, "भावजी, तुमचा दोस्त तुमाला एकदा तरी शिवी देऊन बोलला का आज?"

"तेच तर मनतोय मी!" तो खदाखदा हसला.

मला त्याच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं. तीस वर्षांची दोस्ती, एकत्र शाळा बुडवलेली पोरं ही. आणि ह्याला समोर कोण बसलंय ते कळेना. घरातला माणूस आतून जात होता, आणि गाव पेढे वाटायच्या बेतात होतं.

५

उशीवर भुस्सा दिसायला लागला. आधी मला वाटलं, ज्वारीचं पीठ माझ्याच पदरातून सांडलं. झटकलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा होता. पिवळसर, पिठाहून कोरडा, ह्यांची मान टेकते तिथंच. मी वर बघितलं. वर सिमेंटचा स्लॅब, लाकूड नाही. पलंग लोखंडी. दाराची चौकटसुद्धा लोखंडी. तरी मी खोलीतलं लाकडी होतं नव्हतं ते बाहेर काढलं. पाट, भक्तीची जुनी पट्टी, देवाचा चौरंग, केरसुणीची मूठसुद्धा. आत्याबाई ओसरीवरून बघत होत्या. "दिवाळी झाली की गं," म्हणाल्या.

खोली मोकळी झाल्यावर आवाज जास्तच स्पष्ट आला. कुर्र, कुर्र. थांबायचा, पुन्हा यायचा. दुपारची वेळ. हे जेवून आडवे झाले होते, भिंतीकडं तोंड करून. मी भिंतीला कान लावला. भिंत गप्प होती. पलंगाच्या नळीला लावला. तीही गप्प होती. मग मी हे नको करायला असं स्वतःला सांगत ह्यांच्या पाठीवर कान टेकवला.

मी किती वेळ तशी होते माहीत नाही. हे झोपेतच होते. श्वास नीट चालला होता. आणि श्वासाच्या आत, खोल, ते चालू होतं.

आत्याबाईंना सांगून बघितलं. नसतं सांगितलं तर मलाच चैन पडलं नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नवरा हाणामारी करतो मनून बाया रडतेत. तुझा सुधरला तर तू रडायलीस. भुंगेरे तुझ्या डोक्यात शिरलेत, रंजना. त्याच्या न्हाई."

६

परभणीला मोठ्या दवाखान्यात नेलं. यायला हे नको म्हणाले नाहीत. पूर्वी साध्या तापाला डॉक्टरकडं न्यायचं म्हटलं तर दोन दिवस भांडण चालायचं. आता मी चला म्हटलं, हे चपला घालून जीपमध्ये जाऊन बसले.

रक्त बघितलं, लघवी बघितली, फोटो काढले. सगळं ठीक. "ह्या वयात इतकं शांत बीपी मी बघत नाही," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, एकदा पाठ बघा. त्यांनी शर्ट वर केला. मानेखाली बारीक बारीक टिंबं होती, सुई टोचल्यासारखी, पण रक्त नाही, सूज नाही. "घामोळ्या," डॉक्टर म्हणाले. पुसात घामोळ्या! मग त्यांनी पाठीवर बोट ठेवून वरून टिचक्या मारल्या, छाती तपासताना मारतात तशा.

एकदा मारल्या आणि थांबले. जागा बदलून पुन्हा मारल्या. तो आवाज मीही ऐकला. रिकामा डबा हातानं वाजवला की येतो तसा. डॉक्टरांनी हात मागं घेतला आणि पँटला पुसला. ह्यांच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी कागदावर ताकदीच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला आवाज दिला. दार उघडंच होतं, आम्हाला उठावंच लागलं.

परतीच्या जीपमध्ये तो माझ्याशेजारी बसला होता. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लय काळजी करतीस तू. धन्यवाद." धन्यवाद! पंकजनं मला जिंदगीत धन्यवाद म्हटलं नव्हतं. त्या रस्त्यावर मी त्याला मनात 'हे' म्हणायचं सोडलं.

७

तरी खात्री नको का करायला? मी शिकलेली बाई आहे. मन घाबरट असतं, काहीही दाखवतं. म्हणून एक दिवस मी भाजीत मूठभर मीठ टाकलं. चमचाभर नव्हे, मूठ. आत्याबाईंना नि भक्तीला वेगळं वाढलं. त्याच्या ताटात ती वांग्याची भाजी घातली आणि समोर बसले.

ओरड, मी मनात म्हणत होते. ताट फेक. मला हाडकुळी म्हण, माझ्या माहेराला नावं ठेव, उठून माझ्या अंगावर ये. मला माझा माणूस परत पाहिजे होता. दुसरं काही मागत नव्हते मी. बागेचं जाऊ द्या, गावाचं जाऊ द्या.

त्यानं पहिला घास घेतला. चावला. दुसरा घेतला. सगळी भाजी संपवली, भाकरीनं ताट पुसून घेतलं आणि म्हणाला, "छान झालीय."

मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

त्याच संध्याकाळी मी बांधावर गेले. भुंगेरे येतात कुठून हे एवढ्या दिवसांत मी बघायलाच धजले नव्हते. ऊन उतरलं, वारा पडला. आंबा पुरलेल्या जागेची माती भुसभुशीत दिसत होती. तिच्यातून ते वर यायचे, पंख सुटे करायचे आणि घराकडं उडायचे. मग मला राग आला. भीतीपेक्षा रागच जास्त. जे पहिल्या दिवशी जाळायचं होतं ते आता तरी जाळू. भुंगेऱ्यांचं घरच राहिलं नाही तर ते निघतील कुठून? मग कदाचित माझा माणूसही मोकळा होईल. एवढा साधा विचार होता माझा.

८

आत्याबाई चारठाण्याला मावसबहिणीकडं गेल्या, तो दिवस मी धरला. तो पाथरीला रोपं बघायला गेला होता. भक्ती शाळेत. मी कुदळ-फावडं घेऊन दुपारीच खणायला लागले. गडी लावला असता तर गावभर झालं असतं.

माती मऊ होती, पटापट निघाली. बुंधा लागला. इतके महिने मातीत राहून त्याला कुजल्याचा वासच नव्हता. साल ओली, कोवळी, हाताला कोमट लागली. उन्हानं असेल म्हटलं, पण खड्ड्यात ऊन कुठलं? सालीला भोकंच भोकं. दोन फांद्या करवतीनं खोडाजवळ कापलेल्या मी स्वतः बघितल्या होत्या. आखूड, सरळ खुंट राहिले होते. आता ते खुंट पुढं वाकलेले होते, खाली, जिथं मांडी असावी तिकडं. मी पुढचं खणायचं थांबवलं. जास्त बघायची माझी छाती नव्हती.

कॅनमधलं डिझेल ओतलं. काडी ओढायला हात वर केला तेव्हा तो वर उभा दिसला, खड्ड्याच्या काठावर. कधी आला कळलं नाही. ऊन उतरलं होतं.

"जाळायलीस का?" त्यानं विचारलं. राग नाही, काही नाही.

"हो. अडव मला. अडव की!"

"असू दे. भक्ती घरी आलीय, तुला शोधायली," तो म्हणाला, आणि हात मागं बांधून बघत राहिला.

मी वर चढले आणि काडी टाकली. ओलं असून ते भडकलं. भोकाभोकांतून भुंगेरे बाहेर पडले, धुरातून वर गेले, माझ्या तोंडावरून, केसांतून. आणि मग ओरडणं आलं.

"अगं पाणी टाक! पाणी टाक की, काय बघत बसलीस! मेलो, मेलो गं, टाक की पाणी!"

तोच आवाज. तोच तो, वायरमनच्या सात पिढ्या काढणारा. ज्यासाठी मी इतके दिवस तळमळत होते तो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणाला मला आनंद झाला. मी वळून त्याच्याकडं बघितलं. तो काठावर तसाच उभा होता. तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर जाळाचा उजेड, आणि ओठांवर तेच मऊ हसू. आवाज खड्ड्यातून येत होता.

फवारणीचं पाणी भरलेला ड्रम शेजारीच होता. बादलीवर बादली ओतली. ड्रम संपला तशी दोन्ही हातांनी माती लोटली. हाताला चटके बसले ते मला दुसऱ्या दिवशी कळले. "पुरं," असं काहीसं ऐकू आलं, मग नुसता धूर.

९

तो म्हणाला, "थकलीस. बस जरा. मी जाऊन चहा ठेवतो." आणि बांधावरून घराकडं चालायला लागला.

मी खड्ड्यात उतरले. बुंधा एका अंगानं काळा पडला होता. "अहो," मी म्हटलं. "अहो, बोला की. शिव्या द्या. मी इथंच हाय." सालीला कान लावला. आत कुर्र कुर्र नव्हतं. आत दमलेल्या माणसाचा श्वास चालला होता, तुटक तुटक, लय लांबून पळत आल्यासारखा. मी हातांनी त्याच्याभोवती मिठी घातली. तोडायचं नाही, जाळायचं नाही, मातीही द्यायची नाही, इथंच बसून राहायचं असं मी ठरवून टाकलं. कुणी काय म्हणायचं ते म्हणो.

मग वर बघितलं. धुरातून सुटलेले भुंगेरे गेले होते ते सगळे घराच्या दिशेनं. दिवे लागायची वेळ. तोही तिकडंच चालला होता, सावकाश. पण आता त्यांना त्याचं काय काम? त्याच्या आत उरलं होतं काय? आणि घरात भक्ती एकटी होती.

मी मिठी सोडली. खड्ड्यातून वर आले आणि पदर खोचून पळत सुटले.

मागून हाक आली. मी थांबले नाही.